मागून येणारा आवाज

“काका, तो सेल ठेवा खाली. आज तो खेळ नको.”

डिकीत कमरेपर्यंत शिरलेल्या माणसाचे फक्त पाय बाहेर दिसत होते. ते हलायचे थांबले. आतून आवाज आला, “दोन मिनिटांचं काम आहे गं.”

“तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. एक वाजता गाडी द्यायचीय. आत्ता बारा वीस झालेत.”

मग एक हात बाहेर आला आणि त्याने बोटाएवढा बॅटरीचा सेल बंपरजवळ जमिनीवर उभा करून ठेवला. रागाने नाही, नीट ठेवला. काकांना कुठलीही वस्तू आदळता येत नसे. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून त्यांना जे जमलं नव्हतं, त्यात हे एक होतं.

धाकटीला जरा हायसं वाटलं. दुकान तिचंच होतं. वडील गेल्यापासून, म्हणजे सव्वा वर्ष, मालकाच्या खुर्चीत तीच बसत होती. पण ती दोन बहिणींतली लहान, शाळा सुटली की दुकानात येऊन काउंटरवर वह्या पसरायची, तेव्हा तिला जे नाव पडलं ते पडलं. आता तिशी ओलांडली तरी कामगारांच्या तोंडी ती धाकटीच. गिऱ्हाईक समोर असलं की तेवढ्यापुरती मॅडम.

दुकानात तीन गाळे होते. पहिल्यात सीटकव्हरं चढायची, दुसऱ्यात काचांवर फिल्म लागायची आणि कोपऱ्यातल्या तिसऱ्यात काका गाड्यांचे स्पीकर बसवायचे. सीटकव्हरवाला एका दिवसात चार गाड्यांना नवे कपडे घालून मोकळा व्हायचा. काकांची एक गाडी सकाळी आत गेली की दुपारच्या चहापर्यंत बाहेर येत नसे. म्हणून सीटकव्हरवाल्याने त्यांचं नाव सावकाशराव ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. काकांना ते ठाऊक होतं आणि आवडलंही असावं, कारण एकदा त्यांच्याच तोंडून, “सावकाशरावांना चहा सांगा,” असं गेलं होतं आणि सीटकव्हरवाला दोन दिवस मान वर करत नव्हता.

आजची गाडी मात्र सावकाश करायची नव्हती. ती होती मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमच्या मॅनेजरची. तिच्या मागच्या काचेखालच्या फळीत बसवलेला कंपनीचा वूफर कडेने फाटला होता. वूफर म्हणजे गाण्यातला नुसता धुम्म आवाज देणारा मोठा स्पीकर. त्याच्या जागी बाहेरचा, चांगल्यातला वूफर बसवायचा होता. काम एवढंच. पण मॅनेजर म्हणाला होता, “माझ्याकडून गाडी घेणारा दर तिसरा माणूस विचारतो, चांगला साउंड कुठे बसवून मिळेल. आधी माझी गाडी करून दाखवा. टायमात आणि नीट झाली, तर सोमवारपासून सगळ्यांना तुमच्याकडे धाडतो. पण टाइम म्हणजे टाइम हं!”

आणि धाकटीने मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. एवढं काम आलं तर ते सावकाशरावांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. तिने दोन तरुण फिटर बघून ठेवले होते, त्यांना बोलावून तिसरा गाळाही दाखवला होता. काकांना काउंटरवर बसवायचं. मानाने, पंख्याखाली. गिऱ्हाइकांना माहिती द्यायची, एवढंच. नोकरी तीच, पगार तोच, फक्त हातात पक्कड नाही. हे त्यांना आज, शनिवारी संध्याकाळी सांगायचं होतं. चार दिवस ती आरशासमोर ते वाक्य घोकत होती, आणि चारही दिवस काकांसमोर गेली की भलतंच काहीतरी विचारून परतत होती.

“माप घेतलंय ना नीट? डिकीचं झाकण आपटणार नाही ना त्याला?” तिने विचारलं.

“घेतलंय.”

ते कसं घेतलं होतं, हे तिने सकाळी पाहिलंच होतं. बाहेरच्या वूफरचं लोहचुंबक कंपनीच्यापेक्षा जाड असतं. फळीतून ते खाली डिकीत लोंबतं आणि झाकण बंद करताना बिजागरीचा वाकडा दांडा त्याला ठोकू शकतो. बाकीचे फिटर डोळ्याने अंदाज घेतात. काकांनी लहान मुलं खेळतात तसल्या रंगीत मातीचा गोळा चुंबकाच्या बुडाला चिकटवला, झाकण हळूच लावलं, उघडलं आणि दबलेल्या मातीची जाडी पट्टीने मोजली. मग फळी आणि वूफर यांच्यामध्ये बसणारं लाकडी कडं आणखी थोडं जाड कापलं, पुन्हा गोळा लावला, पुन्हा झाकण. यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात धाकटीने सात वेळा घड्याळ पाहिलं.

दुसरा वेळखाऊपणा तारांचा. गाडीतली कंपनीची तार काका कधी कापत नसत. सगळं जग प्लग छाटून तारांना पीळ देतं, वर चिकटपट्टी गुंडाळतं आणि हात झटकतं. काका मात्र तसाच प्लग शोधून काढायचे, वीतभर तारेचा जोड तयार करायचे, एक टोक कंपनीच्या प्लगात आणि दुसरं नव्या स्पीकरला. “गाडी आपली नाही,” ते म्हणायचे. “आपल्याकडे पाहुणी आलीय. पाहुणीचे केस कापतो का आपण?” काढलेला जुना स्पीकर खोक्यात घालून, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून, ते गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. गिऱ्हाइकं हसायची आणि खोकं माळ्यावर टाकायची. पण एकदा एक टॅक्सीवाला अकरा वर्षांनी तसलं खोकं घेऊन आला होता. गाडी विकायची होती आणि घेणाऱ्याला सगळं कंपनीचं हवं होतं. काकांनी वीस मिनिटांत गाडी होती तशी करून दिली. खोक्यावरच्या आपल्याच अक्षराकडे ते जरा वेळ बघत उभे राहिले, एवढंच.

राहता राहिला सेल. कंपनीचा स्पीकर काढला की त्याच्या दोन टोकांना सेल टेकवायचा. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलचं प्लस ज्या टोकाला आहे ते प्लस, आत गेला तर उलटं. मग त्या टोकाला आलेली तार कोणत्या रंगाची ते बघायचं आणि नवा स्पीकर त्याप्रमाणे जोडायचा. हाच तो खेळ, जो धाकटीने आज नको म्हणून सांगितला होता.

“एक तपकिरी आहे आणि एक पट्ट्याची,” आतून काका म्हणाले.

“मग पट्ट्याची मायनस. नेहमीसारखी.”

“बहुतेक कंपन्यांत तसंच असतं.”

“झालं तर मग.”

“बरं,” काका म्हणाले.

या ‘बरं’चा अर्थ अठ्ठावीस वर्षांत कुणाला नीट कळला नव्हता.

एकला पाच कमी असताना मॅनेजर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, मनगटावर तव्याएवढं घड्याळ. गाडी पुसून तयार उभी होती. तो पुढे बसला, मोबाइलवरचं एक गाणं लावलं आणि आवाज भर्रकन वाढवला. दुकानाचं शटर थरथरलं. सीटकव्हरवाल्याने शिलाई मशीन थांबवून दाद दिल्यासारखी मान हलवली.

“वा! एक नंबर!” मॅनेजर काच खाली करून ओरडला.

काका गाडीच्या दाराशी वाकून उभे होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. ऐकताना त्यांचं तोंड नेहमीच तसं व्हायचं. मग ते म्हणाले, “आवाज मागून येतोय.”

“अहो, मागे बसवलाय तर मागूनच येणार की! बॉनेटमधून येईल का?” मॅनेजर आपल्याच विनोदावर खूश झाला.

“नाही, म्हणजे... नीट बसला की तो कुठून येतो ते कळत नाही. मला पाच मिनिटं—”

“काका,” धाकटी म्हणाली. नुसतं काका. त्यात सगळं आलं.

काका बाजूला झाले. मॅनेजरने घड्याळ बघितलं, एकला एक मिनिट कमी, अंगठा वर केला. “सोमवारी पहिली गाडी धाडतो, मॅडम!” असं म्हणून त्याने गाडी काढली ती थेट वळणापलीकडे. जुन्या वूफरचं खोकंसुद्धा न्यायला तो थांबला नाही. धाकटीचा जीव भांड्यात पडला. केबिनमध्ये जाऊन ती थंड पाणी प्यायली आणि तिने संध्याकाळचं ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं. आज ते जरा सोपं वाटत होतं.

दीड वाजता केबिनचं दार वाजलं. काका आत आले. एका हातात फाटका वूफर, दुसऱ्यात सेल. जेवण अर्धवट टाकून आले असावेत, कारण हात धुतलेले, पण रुमाल खांद्यावरच राहिला होता.

“हे बघ,” ते म्हणाले आणि वूफर टेबलावर, तिच्या कागदांवर ठेवला. “ही पट्ट्याच्या तारेची जागा. इथे सेलचं प्लस लावतो.”

सेल टेकला. टप् असा आवाज झाला आणि पडदा बाहेर उसळला.

काही बोलायची गरज नव्हती. धाकटीला हे दहाव्या वर्षापासून येत होतं. शाळेत विजेचा धडा कळला नाही म्हणून ती काउंटरवर मुसमुसत बसली होती, तेव्हा याच माणसाने एक जुना स्पीकर तिच्या वहीवर ठेवला होता. “बाहेर आला तर तो ‘या’ म्हणतो, आत गेला तर ‘नको’ म्हणतो,” असं सांगून तिच्या हातात सेल दिला होता. त्या दिवशी तिने दुकानातल्या सगळ्या स्पीकरांना ‘या’ आणि ‘नको’ म्हणायला लावलं होतं. वडील ओरडले होते आणि काका हसले होते.

“म्हणजे या गाडीत पट्ट्याची तार प्लस आहे,” ती हळूच म्हणाली.

“हो. कंपनीने या मॉडेलात बदललेलं दिसतंय. आपण उलटी जोडली.”

“पण वाजत तर होता. किती जोरात वाजत होता!”

“वाजणारच. पण पुढचे स्पीकर हवा ढकलतात तेव्हा हा मागे ओढतोय. म्हणजे एकमेकांचं खातायत. जो चालवायला बसलाय त्याच्यापर्यंत निम्मं पोचत नाही. त्याला कळणार नाही काय चुकतंय. तो नुसता आवाज वाढवत राहील. आणि वाढवून वाढवून सहा महिन्यांत हाही फाडेल.”

धाकटीने डोळे मिटले. मॅनेजरला फोन करायचा आणि सांगायचं काय? की पहिल्याच गाडीत, तुमच्या गाडीत, आम्ही तारा उलट्या लावल्या? तोंडाशी आलेलं काम आपल्याच हाताने परत ढकलायचं?

“काका, राहू द्या,” ती म्हणाली. “तो खूश आहे. पुन्हा कधी दुकानात आला की गुपचूप बदलून टाकू. आत्ता बोललो तर सगळंच जाईल.”

काका वूफरकडे बघत होते.

“ऐकताय ना?”

“बरं,” काका म्हणाले. वूफर उचलला, त्याच्याखाली दबलेले कागद सरळ केले आणि गेले.

सव्वादोनला तिला कशासाठी तरी काकांची आठवण झाली. तिसऱ्या गाळ्यात कुणी नव्हतं.

“सावका... काका कुठायत?”

सीटकव्हरवाला तोंडातला दोरा काढत म्हणाला, “पिशवी घेऊन गेले की. बसने. मी विचारलं कुठे, तर म्हणाले येतोच.”

“पिशवीत काय होतं?”

“पक्कड-बिक्कड. आणि ते खोकं काखेत होतं.”

गाडीची किल्ली घेऊन धाकटी पळालीच. रस्ताभर ती काकांवर चिडत होती. बरं म्हणाले होते ना? मग? इतक्या वर्षांत एक शब्द मोडला नाही आणि आजच यांना अवदसा आठवली! वडिलांच्या वेळी असं केलं असतं का यांनी? हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला आणि पुढच्याच चौकात तिला उत्तरही सापडलं. वडिलांच्या वेळी ही पाळीच आली नसती. वडिलांनी सेल खाली ठेवायला सांगितलं नसतं.

शोरूमच्या काचेच्या दाराआड पांढरी फरशी आरशासारखी चकचकत होती. दाराशी पायपुसणं होतं आणि काका त्यावर बूट पुसत होते. पुसून झाले असावेत, पण आतली फरशी बघून ते पुन्हा पुसत होते. अंगात कामाचा निळा शर्ट, काखेत खोकं, चष्मा दोरीने गळ्यात. वॉचमन त्यांना मागच्या दाराने यायला सांगत होता. तेवढ्यात मॅनेजरनेच त्यांना पाहिलं आणि तो बाहेर आला. धाकटी गाडी लावून धावत पोचली, तेव्हा काका बोलायला लागले होते.

“साहेब, माझ्याकडून चूक झालीय. वूफरच्या दोन तारा उलट्या लागल्यात. दहा मिनिटं गाडी द्या.”

“अहो, पण मस्त वाजतंय.”

“वाजतंय. पण बरोबर वाजत नाहीये.”

मॅनेजरने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने, दुसरं काही सुचेना म्हणून, मान डोलावली.

मागच्या आवारात गाडी उभी होती. डिकी उघडून काका आत शिरले. कंपनीची तार कापलेली नव्हती, पीळ नव्हता, चिकटपट्टी नव्हती. त्यांनी आपलाच जोड प्लगातून काढला, वूफरकडची दोन टोकं अदलाबदल केली, पुन्हा बसवली. मॅनेजर घड्याळ बघत होता, सवयीनेच. चार मिनिटंसुद्धा झाली नाहीत.

“आता बसा पुढे. तेच गाणं लावा. आवाज मगाचच्या निम्माच ठेवा.”

मॅनेजर बसला. गाणं सुरू झालं. त्याने आधी समोर बघितलं, मग मागे वळून बघितलं, मग पुन्हा समोर. धुम्म आवाज आता मागे नव्हता. तो समोरच्या काचेपाशी, गाणाऱ्याच्या पायाशी बसल्यासारखा होता आणि आवाज निम्मा असूनही छातीत भरत होता. मॅनेजरचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला आणि तसाच राहिला. वाढवावंसं त्याला वाटेना.

धाकटी बाहेर उभी होती. काका शेजारी उभे, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून. तिला एकदम वाटलं की हा माणूस आपल्या दुकानात आहे, ही केवढी गोष्ट आहे. आणि तो आपल्या दुकानात आहे हे आपण सव्वा वर्ष विसरून गेलो होतो. तिचे डोळे भरून आले. ती दुसरीकडे बघत राहिली.

गाणं संपलं. मॅनेजर उतरला. “फरक आहे,” तो म्हणाला, जरा नाइलाजाने. “खूपच फरक आहे. पण काका, मी तर ऐकलं होतं तुमच्याकडे सगळं तपासून देतात. मग हे कसं राहिलं?”

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “राहिलं खरं. वय झालं आता. नजरेतून सुटतं कधी कधी.”

ते खोकं घेऊन पुढच्या दाराकडे वळले. जुना वूफर ऑफिसात नेऊन ठेवायचा होता, आणि कुणाच्या तरी हातात देताना वरचा नंबर दाखवायचा होता. मॅनेजरने धाकटीला जरा बाजूला घेतलं.

“मॅडम, स्पष्ट बोलतो. तुम्ही स्वतःहून आलात, हे मला आवडलं. काम मी तुम्हालाच देणार. पण ते काका नकोत माझ्या गाड्यांवर. चांगले आहेत, पण त्यांनीच कबूल केलं ना, वय झालंय. तरणी पोरं लावा. मग आपलं जमलं.”

जे हवं होतं तेच मिळालं होतं. चार दिवस घोकलेलं वाक्य आता तिला बोलायचीही गरज नव्हती. ते काका बोलून गेले होते, मॅनेजर बोलला होता, तिने फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं तर सोमवारी पहिली गाडी.

“चूक त्यांची नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“ते तपासत होते. मीच नको म्हणाले. एक वाजायला आला होता म्हणून. त्यांच्या हातातली वस्तू मी खाली ठेवायला लावली. आणि मगाशी चूक सापडली, तेव्हाही मीच म्हणाले राहू द्या. ते मला न सांगता इथे आले. मी त्यांना थांबवायला आले होते.”

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिला. असलं काही गिऱ्हाइकासमोर बोलायचं नसतं, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही.

“माझ्याकडे गाडी आली तर तेच करतील,” ती पुढे म्हणाली. “आणि त्यांना लागेल तेवढा वेळ लागेल.”

“असं होय,” मॅनेजर म्हणाला. त्याने घड्याळाकडे पाहिलं. “बघतो. कळवतो तुम्हाला.”

कळवतो म्हणजे काय, हे धंद्यात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही.

परतताना काका तिच्या शेजारी बसले होते. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. बाजाराचा रस्ता मागे पडल्यावर काका म्हणाले, “तू त्याला कशाला सांगितलंस?”

“तुम्ही ऐकलंत?”

“तेव्हा आवाराच्या कोपऱ्यापर्यंतच पोचलो होतो. कान शाबूत आहेत अजून माझे.” ते जरा हसले. मग म्हणाले, “मी तुझी सोय करून दिली होती.”

“कसली सोय?”

“अगं, परवा ती दोन पोरं तुझ्याबरोबर माझ्या गाळ्यात आली होती. एक जण फळ्यांची उंची बघत होता, त्याच्या हत्यारांना पुरतील का म्हणून. तेव्हाच कळलं मला. चार दिवस तू माझ्याशी धड बोलत नाहीयेस. समोर आलीस की म्हणतेस, काका... आणि मग विचारतेस, चहा झाला का. दिवसातून सहा वेळा मी चहा पितो का?” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “म्हटलं, पोरीच्या तोंडून निघत नाहीये. आपणच वय झालं म्हणून टाकावं. म्हणजे तुलाही जड जायला नको.”

धाकटीला समोरचा रस्ता दिसेना. तिने गाडी कडेला घेतली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि लहान मुलीसारखी रडली. काकांनी तिला गप्प केलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या मधे ठेवला आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष देत बसले.

“चुकलं माझं, काका,” ती शेवटी म्हणाली.

“चुकलं,” काका म्हणाले. नाही गं, असं काही नाही, असं ते म्हणाले नाहीत. खोटं जोडायची त्यांना सवय नव्हती. “चल आता. दुकान उघडं टाकून आलोय दोघंही.”

संध्याकाळी तिने त्या दोन तरुण फिटरना फोन करून नको म्हणून कळवलं. सोमवारी शोरूमची गाडी आली नाही. मंगळवारीही आली नाही. बुधवारी सीटकव्हरवाल्याने बातमी आणली की तिथलं काम पलीकडच्या चौकातल्या नव्या दुकानाला गेलं. दिवसाला पाच गाड्या काढतात म्हणे. धाकटीने ऐकून घेतलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. त्या कामावर तिने बरीच मोठी स्वप्नं बांधली होती. ती सगळी आता एकेक करून उतरवून ठेवायची होती.

गुरुवारी दुपारी एक माणूस आपली जुनी गाडी घेऊन आला. तिच्यातला कंपनीचा वूफर कधीचाच मुका झाला होता. काका डिकीत शिरले. तिथला दिवा गेलेला होता. आतून त्यांनी कुणाला तरी हाक मारली, तर सीटकव्हरवाल्याच्या मशीनच्या आवाजात धाकटीशिवाय कुणाला ऐकूच गेली नाही. ती केबिनमधून उठून आली, गाळ्यातला टॉर्च घेतला आणि डिकीच्या काठावर बसून आत उजेड धरला.

“जरा डावीकडे,” काका म्हणाले. कोणी उजेड धरलाय हे त्यांना दिसत नव्हतं. “हां. आता हलवू नकोस.”

उजेडाच्या गोलात फक्त त्यांची बोटं होती. नखांत काळं भरलेलं, एका अंगठ्यावर जुना व्रण. ती कंपनीच्या प्लगाची खिट्टी चाचपत होती, न ओढता, न ताणता, आपणहून सुटेपर्यंत.

गाडीवाला येऊन मागे उभा राहिला. “मॅडम, किती वेळ लागेल हो? तासाभरात होईल ना?”

धाकटीचा हात भरून आला होता.

“नाही,” ती म्हणाली. “संध्याकाळ होईल. फिरून या तोवर.” आणि आतल्या बोटांवरचा उजेड हलू न देता तिने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.